काठावरचे अरण्य

लॅटिन भाषेत ‘लिम्बुस’ या शब्दाचा अर्थ काठ, कड किंवा वस्त्राची किनार असा होतो. मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती धर्मपंडितांनी हा रोजच्या वापरातला साधा शब्द उचलला आणि परलोकाच्या भूगोलात नेऊन ठेवला. जे पापी नव्हेत, परंतु ज्यांना बाप्तिस्म्याचा संस्कारही लाभला नाही, अशांनी मृत्यूनंतर जावे कोठे, हा प्रश्न त्यांना छळत होता. स्वर्गाचे दार अशा जीवांना बंद. आणि त्यांना नरकयातना द्याव्यात तर तो उघड अन्याय. तेव्हा नरकाच्या अगदी काठावर त्यांच्यासाठी एक जागा कल्पिली गेली आणि तिला ‘लिम्बो’ हे नाव पडले. महाकवी दान्ते याने ‘डिव्हाइन कॉमेडी’त नरकाचे जे पहिले वर्तुळ वर्णिले आहे, ते हेच. तेथे यातना नाहीत, परंतु आशाही नाही. संस्कारापूर्वीच मरण पावलेल्या तान्ह्या बालकांची गणना याच प्रदेशात होत असे. आणि या कल्पनेने शतकानुशतके किती आयांच्या मनाला चटके दिले असतील, त्याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने एक निवेदन प्रसिद्ध केले आणि अशा बालकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास सबळ आधार आहेत, असे सांगून हा जुना काटा बराचसा बोथट केला.

आपल्याकडे अधांतरी स्थितीचा विषय निघाला, की त्रिशंकूची आठवण होते. परंतु त्रिशंकूचा पक्ष घेणारा एक विश्वामित्र होता आणि त्याला निदान स्वतःचे असे आकाश तरी मिळाले. लिम्बोतल्या बालकांना तेही मिळाले नाही.

त्या निवेदनाला तीन वर्षे झाल्यावर, २१ जुलै २०१० रोजी, हेच नाव धारण करणारी एक कृती जगापुढे आली. ती काव्य नव्हती, नाटक नव्हती की चित्रपटही नव्हती. तो एक व्हिडिओ गेम होता. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील ‘प्लेडेड’ नावाच्या एका लहानशा संस्थेने तो तयार केला होता. व्हिडिओ गेम म्हटले, की सुशिक्षित गृहस्थाच्या कपाळावर आजही आठी उमटते. मुलांचा अभ्यास बुडविणारी, रंगांचा आणि आवाजांचा भडिमार करणारी ती एक करमणूक, एवढीच त्याची समजूत असते. ‘लिम्बो’ने ही समजूत सर्वस्वी खोटी ठरविली असे नव्हे, परंतु ती अपुरी आहे एवढे मात्र निःसंशय दाखवून दिले.

पडद्यावर प्रथम केवळ धूसर उजेड दिसतो. झाडांचे काळे बुंधे, मध्ये धुके, खाली गवत. त्या गवतात कोणीतरी पडलेले आहे. खेळणाऱ्याने कळ दाबली, की काळ्या आकृतीत दोन पांढरे ठिपके उघडतात. ते एका लहान मुलाचे डोळे असतात. तो उठून बसतो आणि उभा राहतो. यापुढे त्याला चारच गोष्टी करता येतात: डावीकडे जाणे, उजवीकडे जाणे, उडी मारणे आणि एखादी वस्तू धरून ओढणे. हा मुलगा कोण, येथे कसा आला, कोठे निघाला, यांपैकी काहीही पडद्यावर लिहून येत नाही. आपल्या बहिणीचे काय झाले हे ठाऊक नसलेला एक मुलगा लिम्बोत शिरतो, एवढाच परिचय कर्त्यांनी खेळाबाहेर करून दिला होता. खेळात संवाद नाही, गुणांची मोजणी नाही, घड्याळ नाही, आणि काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांखेरीज दुसरा रंग नाही.

हा खेळ ज्या कुळात जन्मला, त्या कुळाला इंग्रजीत ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उड्या घेत जाणे, हे त्याचे मूळ स्वरूप. वाटेत कोड्यांची भर पडली, की तो कोड्यांचा उडी-खेळ होतो. या कुळाचा इतिहास उणापुरा चार-साडेचार दशकांचा आहे. परंतु त्यात एक धागा असा आहे, की तो हाती धरल्याशिवाय ‘लिम्बो’चे महत्त्व नीट ध्यानात यावयाचे नाही. तो धागा म्हणजे खेळातील मृत्यू.

१९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘डाँकी काँग’ हा खेळ बाजारात आणला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो हा तेव्हा तरुण होता. एक ठेंगणा सुतार लोखंडी तुळयांवरून आणि शिड्यांवरून वर चढतो; वरून एक वानर त्याच्या अंगावर पिंपे गडगडत सोडते. पिंप लागले, की सुतार मेला. हा खेळ घरी बसून खेळावयाचा नव्हता. दुकानात ठेवलेल्या उभ्या यंत्रात नाणे टाकून तो खेळावा लागे. नाण्याच्या मोबदल्यात ठराविक ‘जीव’ मिळत, आणि ते संपले की पुन्हा नाणे. म्हणजे या खेळात मृत्यू हा दुकानदाराचा वसुली-कारकून होता. तो वेळेवर आला नाही, तर यंत्राचा धंदा बसला असता. खेळणारा मरावा, परंतु मरताना ‘आणखी एकदा’ असे त्याला वाटावे, हे या धंद्याचे सगळे गणित होते.

पुढे ही यंत्रे घराघरांत आली. १९८५ साली त्याच मियामोतोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने जगभरातील मुलांना वेड लावले. आता नाणे टाकावयाचे नव्हते. तरीही मोजून दिलेल्या जिवांची चाल तशीच राहिली. कारण नाहीसे झाले तरी रूढी टिकून राहते, हा समाजाचा नियम खेळांनाही लागू पडतो, असेच म्हणावे लागते.

या रूढीला पहिला लक्षणीय धक्का दिला तो जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त जिवांची मोजणी नव्हती. राजपुत्राने कितीही वेळा मरावे. मात्र राजकन्येच्या सुटकेसाठी एकच तास होता आणि तो पळत असे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावावयास व उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रांवरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्यामुळे पडद्यावरच्या देहाला प्रथमच वजन आले. तो खाली पडला, की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा उठू लागला. त्यातील एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संगणकाची स्मरणशक्ती तेव्हा इतकी तोकडी होती, की नव्या शत्रूची चित्रे साठविण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे पुन्हा वापरून त्याची एक छाया निर्माण केली. आरशातून बाहेर पडलेली ती छाया शेवटी त्याच्यापुढे तलवार घेऊन उभी राहते. तिच्यावर वार करावा तर घाव स्वतःलाच लागतो. तलवार म्यान केली तरच ती छाया त्याच्यात विलीन होते. एका यांत्रिक अडचणीतून केवढा अर्थ निघू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

१९९१ साली एरिक शाही या फ्रेंच कलावंताने सुमारे दोन वर्षे जवळजवळ एकट्याने खपून ‘अनदर वर्ल्ड’ हा खेळ पुरा केला. सपाट रंगांच्या आकृती, परग्रहावर येऊन पडलेला एक माणूस, पडद्यावर एकही आकडा नाही, आणि भाषा न समजताही जुळलेली एका परग्रहवासीयाची मैत्री, असे त्याचे रूप होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली व्हिडिओ गेमचा संग्रह करावयास आरंभ केला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या चौदा खेळांत या खेळाचा समावेश होता. त्याचा प्रभाव मानणाऱ्यांपैकी एक म्हणजे जपानी कलावंत फुमितो उएदा. त्याच्या २००१ सालच्या ‘इको’ या खेळात शिंगे असलेला एक मुलगा एका मुलीचा हात धरून तिला ओसाड किल्ल्यातून बाहेर नेतो. जे अनावश्यक ते वजा करीत जावयाचे, अशी उएदाची रचनापद्धती होती.

परंतु ही माणसे अपवाद होती. १९९६ नंतर त्रिमितीचे वारे वाहू लागले आणि बाजूने दिसणारा सपाट उडी-खेळ मागासलेला ठरला. खेळ तयार करणे हा शेकडो माणसांचा आणि कोट्यवधी डॉलरांचा व्यवसाय झाला. इतकी रक्कम गुंतल्यावर धाडस कमी होणारच. जे खपले ते पुन्हा करा, हा मग अलिखित कायदा होऊन बसतो. चित्रपटांच्या इतिहासात हेच घडले होते, आणि रंगभूमीच्या इतिहासातही.

या कोंडीतून वाट निघाली ती वितरणाच्या नव्या सोयीमुळे. खेळ डब्यात भरून दुकानात पाठविण्याऐवजी तारेवरून थेट घरी पोहोचविता येऊ लागला, तेव्हा मध्यस्थांची साखळी तुटली. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स या यंत्रासाठी २००४ साली अशी सोय केली. इतरत्रही ती होऊ लागली. त्याच वर्षी जपानात दाइसुके अमाया या एकट्या माणसाने पाच वर्षे फावल्या वेळात रचलेला ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ लोकांना विनामूल्य देऊन टाकला. ऑगस्ट २००८ मध्ये जोनाथन ब्लो या अमेरिकन कर्त्याचा ‘ब्रेड’ आला. त्यात नायक मेला, की काळ उलटा फिरवून तो मृत्यू पुसून टाकता येत असे. आणि केलेली चूक खरोखरच पुसता येते काय, हा त्या खेळाचा विषयच होता. अशा खेळांना ‘इंडिपेन्डन्ट’, म्हणजे स्वतंत्र, किंवा लाडाने ‘इंडी’ असे नाव पडले. स्वतंत्र याचा अर्थ येथे एवढाच, की पैसा पुरविणाऱ्याने अमुक करा आणि तमुक करू नका असे सांगावयाचे नाही.

‘लिम्बो’ची कथा ही या स्वातंत्र्याचीच कथा आहे. त्याचा जनक आर्न्ट येन्सेन हा डॅनिश चित्रकार एका मोठ्या खेळ-कंपनीत नोकरीस होता. तेथील कारभाराला तो कंटाळला होता. सुमारे २००४ साली त्याने एका गूढ जागेची काही चित्रे सहज म्हणून रेखाटली. त्या चित्रांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. लहानपणी पाहिलेली आसपासची अरण्ये त्यांत होती. पुढे ज्याने असंख्य खेळणाऱ्यांची झोप उडविली तो कोळीही येन्सेनच्या स्वतःच्या भीतीतून आलेला होता. त्याने एकट्यानेच संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा प्रयत्न केला. परंतु ते काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे त्याच्या ध्यानी आले. मग २००६ साली त्याने एक छोटी चित्रफीत करून ती लोकांपुढे ठेवली. हेतू एवढाच, की एखादा जाणकार मदतीला यावा. त्या चित्रफितीचा बोलबाला झाला आणि दिनो पाटी हा सहकारी त्याला मिळाला. दोघांनी ‘प्लेडेड’ ही संस्था स्थापन केली.

आरंभी दोघांनी पदरचे पैसे घातले. डॅनिश सरकारचे अनुदान आणि उत्तर युरोपीय देशांच्या संयुक्त योजनेचे साहाय्यही त्यांना मिळाले. व्हिडिओ गेमला चित्रपटाप्रमाणेच सांस्कृतिक निर्मिती मानून सार्वजनिक पैसा द्यावा, हा विचार त्या देशांनी पुष्कळ आधी स्वीकारला होता, ही गोष्ट आपल्याकडील धोरणकर्त्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे मात्र खर्च वाढला आणि भांडवलदारांकडे जावे लागले. भांडवलाबरोबर सूचनाही आल्या. खेळ अधिक लांब करा. अनेकांना एकत्र खेळता येईल असे करा. कठीण-सोप्या पायऱ्या ठेवा. या साऱ्या सूचना व्यवहारदृष्ट्या शहाणपणाच्या होत्या. येन्सेन आणि पाटी यांनी त्यांतील एकही मानली नाही. मूळ गट आठ जणांचा. कामाच्या भरात तो दुप्पट होई. रचलेल्या भागांपैकी बराच मोठा भाग त्यांनी स्वतःच टाकून दिला. अनोळखी माणसांना खेळावयास बसवून, ती कोठे अडतात आणि कशाने चकतात, हे मुकाट्याने पाहत ते प्रत्येक कोडे घासून पुसून घेत असत. अशा रीतीने तीन-चार तासांत संपणाऱ्या खेळासाठी चार वर्षे गेली.

येन्सेनने स्वतःला जे निर्बंध घालून घेतले होते, त्यांत या कृतीचे मर्म आहे. चित्राला खर्चिक त्रिमितीची गरज पडू नये. धरणे आणि उडी मारणे यांखेरीज मुलाला दुसरी क्रिया नसावी. आणि खेळणाऱ्याला शब्दांनी काहीही शिकवू नये. सगळे वातावरण मग प्रकाशाने आणि ध्वनीने उभे करावे लागले. जुन्या चित्रफितीसारखा दाणेदार पडदा, कडांकडे दाटत जाणारा अंधार आणि मागे विरत गेलेली झाडे यांतून एक खोली निर्माण होते. ध्वनीचे काम मार्टिन स्टिग अँडरसन या संगीतकाराकडे होते. कोणत्या क्षणी काय वाटावे हे संगीताने सांगू नये, असा त्याचा कटाक्ष होता. तारेवर ध्वनिमुद्रण करणारी जुनी यंत्रे वापरून त्याने आवाज मुद्दाम झिजविले. पावलांचा आवाज, पाण्याचा आवाज, लांब कोठेतरी घरघरणारे यंत्र, आणि या सर्वांच्या मध्ये शांतता. भीतीच्या प्रसंगी इतर खेळांत ढोल वाजू लागतात. येथे उलट सारे स्तब्ध होते.

काळ्या छायेवर कथा तोलून धरण्याची ही कला नवी नाही. जर्मनीत लोटे रायनिगर या कलावतीने काळा कागद कातरून केलेला ‘प्रिन्स आखमेद’चा चित्रपट १९२६ साली दाखविला गेला, पूर्ण लांबीच्या आज उपलब्ध असलेल्या चलत्-चित्रपटांत तो सर्वांत जुना होय. आपल्या देशात तर ही कला गावोगावच्या देवळांपुढे खेळली गेली आहे. आंध्रातील मोठमोठ्या रंगीत बाहुल्या, कर्नाटकातील तोगलु गोम्बेयाट, केरळातील तोलपावकूत्तु ही त्याचीच रूपे. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आजवर जिवंत ठेवला. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. परंतु ‘लिम्बो’च्या सर्वांत जवळची वाटते ती ओरिसातील, आजच्या ओडिशातील, रावणछाया. तिच्या बाहुल्यांना सांधे नाहीत, रंग नाहीत; पडद्यावर पडते ती निखळ काळी सावली. डेन्मार्कच्या कलावंतांनी तेथून काही उचलले असे सुचविण्याचा हेतू नाही. चेहरा वजा केला, की पाहणारा स्वतःचे मन तेथे ठेवतो, हा शोध निरनिराळ्या देशांतील माणसांनी आपापल्या परीने लावला, एवढेच सांगावयाचे आहे.

आता पुन्हा मृत्यूच्या धाग्याकडे वळावयास हवे. ‘लिम्बो’तील मुलगा सतत मरतो. तो सापळ्यात सापडतो, पाण्यात बुडतो, करवतीखाली येतो, उंचावरून पडतो. कर्त्यांनी स्वतःच या पद्धतीला ‘प्रयत्न आणि मृत्यू’ असे नाव दिले होते. त्यात धोका काय आहे हे आधी कळत नाही, मेल्यावरच कळते. जिवांची मोजणी नसल्यामुळे मुलगा लगेच काही पावले मागे पुन्हा उभा राहतो. मग एक विपरीत गोष्ट घडते. नाण्याच्या यंत्रात मृत्यू ही शिक्षा होती. येथे ती माहिती होते. खेळणारा हळूहळू मुलाला मुद्दाम मरणाच्या तोंडी देऊन पाहू लागतो. पहिल्या वेळी ज्या दृश्याने हात कापले, तेच दहाव्या वेळी केवळ हिशेबाचा विषय होऊन बसते.

हा बदल जाणूनबुजून घडविला आहे, असे मानण्यास खेळातच पुरावा आहे. आरंभीचा तो प्रचंड कोळी भयंकर असतो. त्याच्या एकेका पायाने झाडाआडून अंधार हलतो. पुढे मुलगा त्याचे पाय निकामी करतो. शेवटी धडाला एकच पाय उरलेला तो जीव खाली पडलेला दिसतो, आणि पुढे जाण्याचा मार्ग एकच असतो: तो पाय उपटून काढावयाचा, उरलेले धड लोटत न्यावयाचे आणि काट्यांच्या खड्ड्यात त्याचा पूल करून पार व्हावयाचे. हे करताना खेळणाऱ्याला शाबासकी मिळत नाही आणि दूषणही मिळत नाही. फक्त आवाज येतो. ज्याची इतका वेळ दया येत होती तो मुलगा आता काय झाला आहे, आणि त्याच्याकडून हे करविणारा हात कोणाचा, हा प्रश्न उत्तराविना मागे राहतो. भारतीय युद्धाच्या शेवटी विजयी पांडवांच्या मनात जी खिन्नता दाटून येते, तिची जात हीच आहे.

या खेळावर आक्षेप घेणारे होते, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पंधरा डॉलर घेऊन इतक्या थोड्या तासांत संपणारा खेळ देणे ही फसवणूक आहे, असे काहींना वाटले. अरण्य संपून कारखाना सुरू झाल्यावर कथेचा ओलावा आटतो आणि चक्रे, चुंबक व विजेचे खांब यांचीच कोडी उरतात, असे काहींचे मत पडले; ते बरेचसे खरे आहे. बालकाच्या मृत्यूचे इतके तपशीलवार चित्रण करावेच का, हा आक्षेप सर्वांत गंभीर. त्याला उत्तर एकच देता येईल: हा खेळ मृत्यूला मजा मानत नाही. तो मृत्यू दाखवितो आणि त्याची सवय कशी होते हेही दाखवितो. ही सवय खेळणाऱ्याला स्वतःच्या ठिकाणी आढळली, तर त्याला ती आवडू नये, अशीच त्याची रचना आहे.

योगायोग असा, की त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यात रॉजर ईबर्ट या नामवंत अमेरिकन चित्रपट-समीक्षकाने व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत, असा निर्णय दिला होता. खेळात नियम असतात, उद्दिष्ट असते आणि तो जिंकता येतो. कलेचा मात्र अनुभव घ्यावयाचा असतो, असा त्याचा युक्तिवाद होता. वादळ उठले, आणि जुलैमध्ये त्याने मोठ्या मनाने मान्य केले, की खेळांचा पुरेसा परिचय नसताना असे लिहावयास नको होते. मूळ मत मात्र त्याने सोडले नाही. त्याच जुलैच्या एकविसाव्या दिवशी ‘लिम्बो’ आला. या खेळात जिंकावयाचे ते काय, असा प्रश्न त्या समीक्षकाला विचारता आला असता. येथे विजयाची घोषणा नाही, बक्षीस नाही. तथापि, कोडे सुटल्याचा आनंद आहे आणि तो कलेच्या आनंदाहून वेगळा आहे, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. दोन्ही आनंद एका कृतीत एकत्र नांदू शकतात, इतके त्या वर्षी सिद्ध झाले. वाद मिटला असे म्हणता येणार नाही.

प्रकाशनापूर्वीच स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात ‘लिम्बो’ला दृश्यकला आणि तांत्रिक नैपुण्य या दोन्हींची पारितोषिके मिळाली होती. २०११ साली तो इतर यंत्रांवरही आला. मिळालेल्या यशाचा त्या संस्थेने केलेला पहिला उपयोग सूचक आहे: तिने भांडवलदारांकडील हिस्सा परत विकत घेऊन स्वतःला मोकळे केले. नंतर ‘इनसाइड’ हा दुसरा खेळ रचावयास सुमारे सहा वर्षे लागली. तो २०१६ साली आला. पुन्हा एक निःशब्द मुलगा. परंतु या वेळी त्याच्याभोवती दुसऱ्यांच्या इच्छेने हालणाऱ्या माणसांच्या रांगा होत्या. त्याच्या ध्वनीसाठी अँडरसनने आवाज खऱ्या मानवी कवटीतून जाऊ देऊन त्याचे मुद्रण केले. ब्रिटिश अकादमीची चार पारितोषिके त्याला २०१७ साली मिळाली. त्याआधीच, २०१६ सालीच, दिनो पाटी संस्थेतून बाहेर पडला होता. बाहेरच्या धन्याला दूर ठेवणे एक वेळ जमते. आतल्या मतभेदांवर मात करणे त्याहून अवघड असते. कलावंतांच्या किती मंडळ्यांचा इतिहास हेच सांगतो!

‘लिम्बो’ संपतो तो असा. कारखान्यातील शेवटच्या यंत्रातून फेकला गेलेला मुलगा काचेसारखा एक पडदा फोडून पलीकडे जातो आणि पुन्हा अरण्यात, आरंभी जसा पडला होता तसाच पडतो. दोन पांढरे ठिपके उघडतात. तो चालू लागतो. पुढे एका झाडाखाली एक मुलगी पाठमोरी बसलेली असते. तिला चाहूल लागते, ती ताठ होते. आणि तेथेच चित्र थांबते. ती त्याची बहीण काय? तो तिच्यापर्यंत पोहोचला काय? दोघांपैकी जिवंत कोण? त्यानंतर खेळाचे मुखचित्र पुन्हा समोर येते. तेच झाड, तीच मोडकी शिडी. मुले मात्र नाहीत. जेथे ती दोघे होती, त्या दोन जागी माश्या घोंघावत असतात.

मध्ययुगातील पंडितांनी काठावरच्या त्या प्रदेशाच्या सीमा काटेकोरपणे आखल्या होत्या. तेथे कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, याची कलमे त्यांच्यापाशी तयार होती. कोपनहेगनच्या कलावंतांनी एकही कलम लिहिले नाही. त्यांनी एका मुलाला तेथे उभे केले आणि त्याचा हात खेळणाऱ्याच्या हाती दिला. त्या अरण्यातून बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. परंतु ज्या बालकांना शास्त्राने केवळ एक जागा नेमून दिली होती, त्यांच्यापैकी एकाच्या सोबतीने काही तास चालत जाण्याची संधी त्यांनी जगाला दिली. खेळ संपल्यावर यंत्र बंद होते. त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांची आठवण मात्र लवकर पुसली जात नाही.